तडकलेले बारा

बारा चमचे परत आले.

भांडीवाल्याने टेम्पो थेट अंगणात घातला आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. हातात दोरीने बांधलेला चमच्यांचा जुडगा होता. तो त्याने ओट्यावर आपटला, तशी दोरी सुटली आणि लांब दांड्यांचे लाकडी चमचे घरंगळत पायरीपर्यंत गेले. बाराही चमच्यांच्या वाटीला चीर गेली होती. कुठे केसाएवढी, कुठे नख जाईल एवढी. एकाची तर पार दांड्यात शिरली होती.

"तीस वर्षं तुमचा माल उचलतोय," भांडीवाला म्हणाला. "कधी उलटून पाहिला नाही. आता गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकून जातं. एका बाईचा अर्धा चमचा पातेल्यात राहिला नि अर्धा हातात."

समोरचा शिंपी मशीन थांबवून उंबऱ्यात आला. पाण्याला निघालेल्या दोघी बादल्या टेकवून उभ्या राहिल्या. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता, पण बघ्यांची टंचाई त्या आळीत कधीच पडली नाही.

चमचेवाल्याने एक चमचा उचलला, डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पाठ ताठ होती. घरात त्याच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

"लाकूड चांगलं होतं," तो म्हणाला. "कोरणीही चांगली आहे. सुकवताना घोटाळा झालाय." मग मान न वळवता म्हणाला, "सुकवणं सुनेकडे असतं."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ओल्या ढलप्यांची पाटी कमरेवर घेऊन दारात उभी होती. डावखुरी म्हणून लग्नानंतर आठ दिवसांत आळीने तिचं नाव डावरी पाडलं होतं आणि नऊ वर्षांत तेच चिकटलं होतं. तिने तोंड उघडलं. भर अंगणात सासऱ्याला खोटं कसं पाडायचं ते तिला सुचेना, म्हणून पुन्हा मिटलं.

"कुणाकडे का असेना," भांडीवाला म्हणाला. "पंचवीस दिवसांनी येतो. ऐंशी चमचे हवेत. त्यातला एक जरी तडकलेला निघाला, तर मी मशीनचे उचलायला लागणार. राग मानू नका."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. टेम्पो धूर सोडत गेला आणि शिंपी आत जाऊन मशीन चालवायला लागला, पण जरा सावकाश, कान इकडे ठेवून.

"उन्हात ठेवलेस ना?" सासूने विचारलं. "खरं सांग."

"नाही, आई. गोणीतच होते. बारा दिवस."

"मग आपोआप फुटले? चमच्यांना काय हसू फुटलं?"

ह्या घरात चमचा ओल्या लाकडाचाच व्हायचा. ओलं लाकूड सुरीखाली मऊ असतं, वाळलेलं दगड होतं. पण ओल्याचं पाणी हळूहळू जावं लागतं. म्हणून कोरलेले चमचे त्यांच्याच ओल्या ढलप्यांत पुरून गोणीत ठेवायचे, रोज उलटेपालटे करायचे, ढलप्या भिजट वाटल्या तर थोड्या बदलायच्या. घाई केली की चीर गेलीच. कुऱ्हाड आणि सुरी पुरुषाची, गोणी आणि तेलाचा बोळा बायकांचा, अशी वाटणी सासऱ्याच्या बापापासून चालत आली होती. नऊ वर्षांत डावरीच्या गोणीतला चमचा तडकला नव्हता. आता हे कोण आठवणार होतं!

"उद्यापासून गोण्यांना हात लावू नकोस," सासरा म्हणाला. "तुझी सासू बघेल. तू माझ्याबरोबर लाकडाला चल."

सासूला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, आणि बसली तर उठता येत नव्हतं. तरी ती "बघेन" म्हणाली.

डावरीला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. नवरा शहरात गिरणीत होता, एका खोलीत चौघे राहायचे. दर खेपेला तो म्हणायचा, बंद करा हे आता, सगळे तिकडे चला. भांडीवाला सुटला तर तेच होणार होतं. सासू उठता-बसता म्हणायची, त्या खोलीत मी मरायलाही जाणार नाही. आणि गेलीच, तर उरलेला जन्मभर त्या खोलीत बसून एकच ऐकवणार होती, की चार पिढ्यांचा धंदा सुनेने सुकवून घालवला. ते डावरीला सोसलं नसतं.

*

बागवानाची फळबाग गावाबाहेर होती. विहिरीने तळ गाठल्यावर त्याने अर्धी बाग वाऱ्यावर सोडली होती. झाडं उभी होती, पण पानं कागदासारखी वाजत होती.

"घ्या हवी ती," बागवान म्हणाला. "ओलं मिळालं तर तुमचं नशीब. नाहीतर सरपण आहेच."

सासऱ्याने प्रत्येक झाडाच्या सालीला सुरीचं टोक लावून पाहिलं. खाली तपकिरी दिसलं की पुढचं झाड. अकरा झाडं तपकिरी निघाली. बाराव्याच्या सालीखाली हिरवी रेघ दिसली. ते हातपाय धुवायच्या मोरीच्या पाण्यावर तगलं होतं. तसली आणखी दोन सापडली.

"माझ्या मोरीचं पाणी प्यालेली आहेत," बागवान म्हणाला. "साबणाचा वास आला तर मला बोल लावू नका."

त्यावर सासरा हसला नाही, म्हणून डावरी थोडी हसली.

कुऱ्हाड हातात घेण्याआधी सासऱ्याने उजव्या तळव्याभोवती फडकं गुंडाळलं आणि कुऱ्हाडीचा दांडा त्यातच आवळून घेतला. गाठ दाताने मारली. घामाने हात सटकत असेल असं डावरीला वाटलं. घाम तर तिलाही येत होता. गरम वारा सुटला की तो कानात शिरायचा आणि ओठ सालपटायचे. सासरा तोडत होता, ती फांद्या करवतीने सोडवत होती. दुपारपर्यंत तिच्या डाव्या खांद्यात कळ भरली. ओंडके हातगाडीवर चढवून, वर ओली पोती टाकून, त्यांनी तीन खेपा केल्या. आळीतून जाताना शिंप्याने विचारलं, "काय, आता गाडीला जुंपलं का सुनेला?" सासऱ्याने ऐकलं नाही असं दाखवलं. डावरीने ऐकलं.

ओंडके घरामागच्या हौदात बुडवून ठेवले. हौदात गुडघाभर पाणी होतं. ते दर दोन दिवसांनी भरायचं काम कुणाचं, हे कुणी बोललं नाही, पण बादल्या डावरीच्या दाराशी होत्या.

*

तिसऱ्या दिवसापासून घराला लागून असलेल्या कामाच्या छपरात काम लागलं. ओंडका उभा करून त्यात पाचर ठोकायची, तो मधोमध उलगडायचा, मग पुन्हा अर्ध्याचे दोन. मधला गाभा काढून टाकायचा. गाभा राहिला तर चमचा फुटणार हे लहान पोरालाही माहीत. डावरीने प्रत्येक फोड बघून घेतली. गाभा कुठे राहिला नव्हता, आणि मागच्या खेपेलाही राहिला नसणार, कारण कुऱ्हाडीचं काम सासऱ्याचं अजून चोख होतं. पाच-सहा घावांत फोडीचा चमचा दिसायला लागायचा. मग तो वाकडी सुरी घ्यायचा, टोकाशी वळलेली, आणि वाटी कोरायला बसायचा. सुरीच्या मुठीला त्याच्या बोटांचे चार खड्डे पडले होते.

पूर्वी कोरताना तो बघायचाच नाही. बाहेरून अंगठा, आतून बोट, अशी वाटीची भिंत चिमटीत धरायचा आणि कुठे जाड, कुठे पातळ ते हातानेच कळायचं. बोलता बोलता, समोर रस्त्यावर बघत, वाटी पुरी व्हायची. आता मात्र तो चमचा नाकाला लावून बघत होता. वयाने नजर कमी झाली असेल, असं डावरीला वाटलं.

सहाव्या दिवशी ती ढलप्या भरायला वाकली आणि तिला पांढऱ्या लाकडावर लाल दिसलं. सासऱ्याच्या हातातल्या चमच्याची वाटी लाल झाली होती. सुरी अंगठ्यात शिरली होती, चांगली नखाएवढी, आणि तो कोरतच होता.

"मामंजी, अंगठा!"

त्याने पाहिलं. पाहिल्यावर मग थांबला. तोंडावर दुखल्याची एक रेघ नाही.

"रस आहे," तो म्हणाला. "ह्या झाडाचा लाल असतो."

ते झाड डावरीने स्वतः करवतीने कापलं होतं. त्याचा रस पाण्यासारखा होता. तिने फडकं ओलं करून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, पण अंगठ्याऐवजी आधी चमचा पुसला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात सासूजवळ बसली.

"आई, मामंजींच्या उजव्या हाताला काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"अंगठा कापला, त्यांना कळलं नाही."

सासू चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे करत राहिली. "तोंड सांभाळून बोल," ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "वर्ष झालं, त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते. तूही कुणाला सांगू नकोस."

"मग ते चमचे…"

"चमच्यांचं मला काही माहीत नाही."

तिला माहीत होतं की नव्हतं, हे डावरीला शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं काढतो त्याच्याविषयी काही गोष्टी माहीत करून घेत नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू आंघोळीला गेल्यावर डावरीने मना केलेल्या गोणीत हात घातला. एक चमचा काढला आणि उन्हाकडे धरला. ओल्या लाकडाची भिंत पातळ असली की त्यातून ऊन झिरपतं. वाटीची एक बाजू मधाच्या रंगाने उजळली. दुसरी बाजू काळी होती, बोटभर जाड. तिने दुसरा काढला, तिसरा काढला, दहा काढले. सगळ्यांची तीच गत. पातळ बाजू आधी सुकणार, जाड मागे राहणार, दोघींची ओढाताण होणार आणि मध्ये चमचा फुटणार. गोणीत बारा दिवस ठेवा नाहीतर बारा महिने.

तिथेच ढलप्यांत बसून ती हसली. नऊ वर्षांतलं तिचं काम निर्दोष होतं. हे तिला आत्ताच, एकटीला, आणि चोरून कळत होतं.

पंचेचाळीस चमचे असे गोणीत गेले होते. लाकूड अजून ओलं होतं, त्यामुळे जाड बाजू तासून घेता आली असती. पण बारा दिवस सुकवण्याचे धरले, तर हाताशी सहाच दिवस उरत होते. आणि वाकडी सुरी उजव्या हाताची होती. डाव्या हातात ती धरली की धार बाहेर तोंड करायची. उजव्या हाताने डावरीला साधी सुईही ओवता येत नव्हती.

*

लोहाराच्या भट्टीवर त्या उन्हात जायला कुणीही धजत नव्हतं, म्हणून तो रिकामाच होता. म्हातारा, ऐकायला कमी, आणि त्यामुळे बोलायला जास्त.

"काका, एक वाकडी सुरी हवी. चमच्याची. पण वळण उलट्या बाजूला."

"उलट्या?"

"डाव्या हाताची."

लोहाराने तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं पोरी, ती केली की मी गेल्या वर्षी. तुझा सासरा घेऊन गेला. हरवली काय?"

डावरीला आधी वाटलं, ह्याने ऐकण्यात घोटाळा केला. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"ओरडू नकोस, कळलं मला," लोहार म्हणाला. "डाव्या हाताची, वळण उलटं. जुन्या कानशीची केली, फार चिवट पोलाद. तीनदा आला होता धार बघायला. मी म्हटलं कुणासाठी, तर म्हणाला गिऱ्हाईकासाठी. म्हटलं असेल बाबा. का, नीट चालत नाही का?"

"चालते," डावरी म्हणाली. "तुम्ही विचारलंय म्हणून सांगेन त्यांना."

परतीच्या वाटेवर तिचे पाय भाजत होते, तरी ती सावकाश चालली. सासऱ्याला वर्षभर ठाऊक होतं. अंगणात शिंप्यासमोर, त्या दोघींसमोर, त्याने "सुकवणं सुनेकडे असतं" म्हटलं तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. हात गेला ह्याचं तिला वाईट वाटत होतं. पण त्याहून जास्त तिला चीड आली होती, आणि ती तिने वाटेत गिळली नाही, घरापर्यंत तशीच नेली.

सासरा छपरात ओंडक्याशी होता. फडक्याने बांधलेल्या हातातली कुऱ्हाड खाली येत होती.

"मामंजी, लोहारकाकांनी विचारलंय, सुरी नीट चालते का."

कुऱ्हाड आणखी दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा आली नाही.

"कुठली सुरी?"

"डाव्या हाताची."

तो ओंडक्यावर बसला. फडक्याची गाठ दाताने सोडवायला लागला. ती सुटेना. डावरीने मदत केली नाही.

"वर," शेवटी तो म्हणाला. "तिसऱ्या वाशामागे."

ती पाचरीच्या ओंडक्यावर चढली. वाशामागे तेलकट कापडाची गुंडाळी होती. त्यात सुरी होती, नवी, मुठीवर एकही खड्डा नसलेली. तिच्याबरोबर सात चमचे होते. तसे चमचे डावरीने जन्मात पाहिले नव्हते. एकाची वाटी तिरकी, एकाला तळच नाही, एक नुसताच कुरतडलेला. पन्नास वर्षं चमचे केलेल्या कारागिराने डाव्या हाताने पहिलीपासून शिकायला बसून केलेले. ते बघून तिचा राग निम्मा उतरला, आणि त्याचाच तिला पुन्हा राग आला.

"बारा चमचे तुम्ही माझ्या नावावर टाकलेत."

"हो."

"का?"

"दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकणार?" तो म्हणाला. त्यात मिजास नव्हती. त्याने खरोखरच विचार केला असावा आणि दुसरं कुणी सापडलं नसावं.

डावरी खाली उतरली. गोणीजवळ बसली, एक चमचा काढला आणि डाव्या हातात सुरी धरली. बापजाद्यांची वाटणी, बायकांचं काम, पुरुषांचं काम, असलं काही त्याने बोलावं म्हणून ती वाट बघत होती. एकदाचं भांडण तरी झालं असतं.

"मूठ मागे धर," सासरा म्हणाला. "अंगठा पात्यासमोर येतोय."

*

पहिल्या दिवशी तिने दोन चमचे फोडले. तासता तासता सुरी आरपार गेली आणि वाटीच्या तळातून तिचंच बोट दिसलं. सासऱ्याला तिला शिकवता येईना. त्याचं सगळं उजवीकडून होतं. तो हवेत हात फिरवून दाखवायचा आणि मध्येच अडकायचा. मग तो तिच्यासमोर बसला, आरशासमोर बसावं तसा, आणि म्हणाला, माझ्याकडे बघ, मी करतो तेच कर. तेव्हा जमायला लागलं. समोरासमोर बसून तो रिकाम्या हाताने कोरत होता आणि ती भरल्या हाताने.

"आता चिमटीत धर. काय लागतंय?"

"डावीकडे जाड आहे."

"किती?"

"नखाएवढं."

"नख कुणाचं? तुझं की माझं?"

"माझं."

"मग घे अजून. तुझं नख बारीक आहे."

मागच्या पंचेचाळीसांतले त्रेचाळीस सावरले. नव्या फोडी सासरा कुऱ्हाडीने आणि सरळ सुरीने घडवून द्यायचा. दांडा नजरेने होतो, त्याला बोट लागत नाही. वाटी तिच्याकडे यायची. तिच्या तळव्याला फोड आला, तो फुटला, त्याखाली दुसरा आला. मनगट सुजलं. सकाळी मूठ उघडताना बोटं एकेक करून सोडवावी लागायची. सासू छपराच्या दारात उभी राहून बघायची आणि "डाव्या हाताने झाडते तर कचरा माझ्याच पायावर येतो, आता चमचे कुणाच्या तोंडात जाणार देव जाणे," म्हणायची. पण कोरणीच्या पाचव्या दिवसापासून हौदाच्या बादल्या भरलेल्या दिसायला लागल्या. गुडघ्यांनी त्या कशा भरल्या, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी आणखी दोन फुटले. तेव्हा लाकूडही संपलं होतं. शहात्तर चमचे तेराव्या दिवशी गोण्यांत गेले.

"गोण्या कुणी बघायच्या?" डावरीने मुद्दाम विचारलं.

सासऱ्याने ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिनेच बघितल्या.

*

भांडीवाला ठरल्या दिवशी आला. ह्या वेळी त्याने इंजिन बंद केलं. शिंपी उंबऱ्यात आला. त्या दोघी बायका बादल्या घेऊन आल्या, आणि बादल्या रिकाम्याच असल्याने त्यांना घाईही नव्हती.

भांडीवाल्याने एकेक चमचा उचलून बोटाच्या पेराने वाजवला. तडकलेल्याचा आवाज फाटका येतो. चाळीस झाले. साठ झाले. प्रत्येक वेळी त्याचं बोट वर गेलं की डावरी आकडा तोंडातच धरत होती, आणि टक् असा नीट आवाज आला की पुढे मोजत होती. शेवटचा वाजवून त्याने बाजूला ठेवला.

"एकही नाही," तो म्हणाला. "पण चार कमी आहेत."

"चार माझ्या हातून फुटले," डावरी म्हणाली.

"पुन्हा सुकवताना?"

"कोरताना."

भांडीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. एक चमचा पुन्हा उचलला, वाटीत बघितलं, उजेडाकडे फिरवला. सुरीचे वळ नेहमीच्या उलट अंगाला झुकलेले होते. तीस वर्षं माल उचलणाऱ्याला ते आता दिसले.

"हात बदललाय," तो म्हणाला. "कोरतंय कोण?"

सासू दारातून घाईघाईने म्हणाली, "त्यांनीच केलेत, अंगठा कापलाय म्हणून जरा…"

"सुनेने," सासरा म्हणाला.

शिंप्याने मान पुढे काढली. सासऱ्याने उजवा हात ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि काही वस्तू दाखवावी तसा त्याकडे बघितलं.

"ह्याला आता काही लागत नाही. दीड वर्ष झालं, कमी कमी होत गेलं." मग तो थांबला. पुढचं न बोलता गेला असता तरी चाललं असतं, भांडीवाला समजून उमजून गप्प बसला असता. "मागचे बारा माझ्या कोरणीने फुटले. सुकवण्यात काही चूक नव्हती. मी खोटं बोललो होतो."

 त्या दोघींतली एक बादली उचलून निघाली, मग दुसरीही निघाली. बघायला आलेल्यांनाही कधी कधी बघवत नाही.

भांडीवाल्याने चमचे पोत्यात भरले. "पुढच्या खेपेला साठच द्या," तो डावरीला म्हणाला, "पण असेच." पहिल्यांदाच तो तिच्याशी मालाविषयी बोलत होता. तिने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तिचं मनगट इतकं ठणकत होतं की आधी तेच जाणवत होतं. सासऱ्याला तिने माफ केलं नव्हतं. माफ करायचं की नाही, हे झोप झाल्यावर बघू असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. छपरात आली तर सासरा गोण्यांपाशी जमिनीवर बसला होता, सदऱ्याचं वरचं बटण उघडंच. बागवानाने रात्री आणखी एक ओलं झाड पाडून ठेवल्याचा निरोप पाठवला होता. त्यासाठी तो रिकाम्या गोण्या झटकत होता.

"हे किती वेळा उलटायचं असतं?" त्याने विचारलं.

पन्नास वर्षं हा माणूस चमचे करत होता. डावरी दारातच थांबली.

"दोनदा," ती म्हणाली. "सकाळी आणि दिवस मावळताना."

"आणि गरम वारा सुटला तर?"

"तर गोणीचं तोंड बांधायचं. वर ओलं पोतं."

त्याने मान हलवली. एक गोणी मांडीत घेतली, डाव्या हाताने तोंड आवळलं, दोरी दातात धरली आणि गाठ मारून बघितली. ती सुटली. त्याने दुसऱ्यांदा मारली.

"सैल बांधा, मामंजी," डावरी म्हणाली. "थोडी हवा जाऊ द्यायची असते."